व्याख्यानाच्या मुद्रणालाही दाखल क्रमांक हवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

युनेस्कोने २७ ऑक्टोबर हा जागतिक दृक्श्राव्य वारसा दिन ठरवलेला आहे. त्या सुमारास जुन्या चित्रपटांविषयी आणि जुन्या तबकड्यांविषयी थोडेफार छापून येते, आणि ते यायलाही हवे. माझ्या पत्राचा विषय मात्र इतका जुना नाही. राष्ट्रीय ग्रंथालयांच्या सभागृहांत आज, या आठवड्यात जी व्याख्याने, काव्यवाचने, परिसंवाद आणि मैफली होतात, त्यांच्या ध्वनिचित्रमुद्रणाचे (पुढे त्याला नुसते मुद्रण म्हणतो) पुढे काय होते, याविषयी मला लिहायचे आहे. माझी सारी नोकरी ग्रंथालयाच्या तालिकीकरण विभागात, म्हणजे संग्रहाची सूची (कॅटलॉग) करणाऱ्या विभागात गेली. त्यामुळे माझे म्हणणे काहींना कारकुनी वाटेल. पण कारकुनी म्हणून बाजूला टाकलेले काम न झाल्यामुळेच वस्तू हरवतात, हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे. राष्ट्रीय ग्रंथालयात चार पानी पत्रक आले तरी त्याला दाखल क्रमांक, म्हणजे संग्रहात आल्याचा नोंद-क्रमांक पडतो, तालिकेत त्याची नोंद होते आणि पन्नास वर्षांनी कुणी मागितले तर ते मांडणीवरून काढून देता येते. त्याच इमारतीत झालेल्या दीड तासाच्या व्याख्यानाचे मुद्रण मात्र पुष्कळदा जनसंपर्क विभागाच्या एखाद्या फोल्डरमध्ये पडून राहते, किंवा चित्रफितींच्या एखाद्या खासगी मंचावर चढवले जाते आणि तेवढ्यावर काम झाले असे धरले जाते.

हे मला कसे जाणवले ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका राष्ट्रीय ग्रंथालयात (नाव घेत नाही, कारण दोष त्या एकट्याचा नाही) एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांवर एका अभ्यासकांचे व्याख्यान झाले. मी श्रोत्यांत होतो. बोलण्याच्या ओघात वक्त्यांनी एका मासिकाच्या पहिल्या अंकाचे वर्ष सांगितले आणि त्या वर्षाच्या आधारावर पुढचा एक मुद्दा उभा केला. प्रश्नोत्तरांच्या वेळी तिसऱ्या रांगेतील एक वयस्कर बाई उठल्या. माईक आपल्यापर्यंत येईल याची वाट न पाहता त्यांनी सांगितले, की त्या अंकाची प्रत त्यांनी स्वतः हाताळलेली आहे आणि मुखपृष्ठावर छापलेले वर्ष त्याच्या दोन वर्षे आधीचे आहे. वक्त्यांनी चष्मा वर सरकवून हातातला कागद डोळ्यांजवळ नेला, हे वर्ष आपण दुय्यम साधनावरून घेतले होते असे मोकळेपणाने कबूल केले, आणि तिथल्या तिथे समासात दुरुस्ती करून घेतली. त्या संध्याकाळची सर्वांत मोलाची दोन मिनिटे तीच होती. चार-पाच महिन्यांनी चित्रफीत संकेतस्थळावर आली. स्वागत, परिचय आणि सत्कार यांची अकरा मिनिटे त्यात शाबूत होती, प्रश्नोत्तरे मात्र कापलेली होती. टाळ्यांवर चित्रफीत संपत होती. पुढे एका लेखात मला तेच चुकीचे वर्ष आढळले, आणि तळटीपेत आधार म्हणून त्या चित्रफितीचा दुवा दिलेला होता. लेखकाला दोष देता येणार नाही. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नावाने जे समोर आले ते त्याने प्रमाण मानले.

मी ग्रंथालयाला लिहिले. उत्तर सौजन्याचे आले. लोक लांब चित्रफिती पाहत नाहीत, म्हणून संपादन करावे लागते, आणि मूळ मुद्रण कुठे आहे ते पाहून कळवतो, असे त्यात होते. ते अजून पाहत असावेत.

लोक किती वेळ पाहतात, हा निकष जाहिरातीला ठीक आहे. ग्रंथालयाने तो आपल्या पुस्तकांना कधी लावलेला नाही. ज्यांच्या देवघेवीच्या चिठ्ठीवर वीस वर्षांत एकही शिक्का पडलेला नाही, अशी पुस्तके प्रत्येक मोठ्या ग्रंथालयात हजारोंनी असतात, आणि त्यांची मधली पाने फाडून ती आटोपशीर करावीत असे कुणाच्या मनातही येत नाही. सभागृहातल्या कार्यक्रमाला हा न्याय लागू होत नाही, याचे कारण मला असे दिसते, की कार्यक्रम हे ग्रंथालयाचे बाहेरचे अंग मानले गेले आहे. कार्यक्रम करणारा विभाग वेगळा, संग्रह सांभाळणारा विभाग वेगळा. आणि मुद्रण या दोहोंच्या मधल्या जिन्यात अडकते.

असे सर्वत्र आणि सदैव होते, असे मात्र नाही. पॅरिसमध्ये १९११ साली भाषेचे अभ्यासक फेर्दिनां ब्रुनो यांनी ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या पाते कंपनीच्या साहाय्याने सॉरबॉन विद्यापीठात बोललेल्या शब्दाचा संग्रह सुरू केला. १९१३च्या डिसेंबरात कवी आपोलिनेर यांनी तेथे स्वतःच्या कविता म्हटल्या. ती मुद्रणे आज फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि घरबसल्या ऐकता येतात. पाच वर्षांनी, १९१८ मध्ये, आपोलिनेर गेले. त्या दिवशी ती यंत्रसामग्री मांडून बसण्याची तसदी कुणी घेतली नसती, तर त्यांचा उच्चार आणि त्यांची लय यांबद्दल आपण आज केवळ आठवणींवर विसंबून असतो.

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये एलिझाबेथ स्प्रेग कूलिज या संगीतप्रेमी बाईंच्या देणगीतून १९२५ साली सभागृह उभे राहिले, ते मुळात चेंबर संगीतासाठी, म्हणजे मोजक्या वादकांच्या पाश्चात्त्य मैफलींसाठी. ग्रंथालयाच्या आवारात मैफली कशाला, असे तेव्हाही कुणी म्हटले असेल. पुढे १९४० मध्ये तेथे स्वतंत्र ध्वनिमुद्रण कक्ष झाला, आणि १९४३ साली कवींच्या वाचनाचा संग्रह रीतसर सुरू झाला. आजवर त्यात सुमारे दोन हजार मुद्रणे जमली आहेत. त्यांतील पुष्कळशी वर्षानुवर्षे फितींच्या रिळांवरच होती, आणि २०१५ पासून ती टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुली करण्यात आली. १९४३ ते २०१५ म्हणजे बहात्तर वर्षे. एवढ्या काळानंतर रीळ डब्यातून काढून त्याचे काही करता येते, ते डब्यावर कवी कोण, तारीख कोणती, प्रसंग कोणता हे कुणीतरी लिहून ठेवलेले असते म्हणून. याच ग्रंथालयाच्या दिल्ली कार्यालयाने दक्षिण आशियातील लेखकांकडून त्यांचेच लेखन वाचून घेऊन ध्वनिमुद्रित केले आहे आणि त्यात मराठी लेखकही आहेत. ज्यांनी ही मुद्रणे अजून ऐकलेली नाहीत, त्यांनी ती जरूर ऐकावीत. आपल्या लेखकांचा आवाज ऐकायला आपल्याला वॉशिंग्टनच्या तालिकेत शिरावे लागते, याची गंमत वाटते आणि थोडी लाजही.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे उदाहरण मला सर्वांत उपयोगाचे वाटते, कारण ते भव्यतेचे नसून नीटनेटकेपणाचे आहे. हेझल डी बर्ग या बाईंनी १९५७ पासून लेखक, चित्रकार, शास्त्रज्ञ अशा हजाराहून अधिक जणांच्या मुलाखती मुद्रित केल्या आणि तो संग्रह या ग्रंथालयाने जतन केला. आज तेथील अनेक मुद्रणांना वेळेनिशी सारांश किंवा शब्दांकन जोडलेले असते. हवा तो मुद्दा वाचून त्यावर बोट ठेवले, की मुद्रण नेमके तेथून सुरू होते. दीड तासाचे भाषण आणि अनुक्रमणिका असलेला ग्रंथ यांतले अंतर एवढ्या एका सोयीने मिटते. लोक लांब चित्रफिती पाहत नाहीत या तक्रारीवर कात्री चालवण्यापेक्षा हा उपाय किती शहाणपणाचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

यंत्राने केलेले शब्दांकन आता मराठीतही मिळते, मग माणसांकडून ते काम कशाला करून घ्यायचे, असे विचारले जाते. ज्यांनी ते वाचून पाहिले आहे ते असे विचारणार नाहीत. वक्ते 'दर्पणकार' म्हणतात आणि पडद्यावर 'दर पण कार' असे उमटते. विशेषनामे, जुन्या ग्रंथांची नावे, संस्कृत अवतरणे आणि सालांचे आकडे यांवर यंत्र हमखास अडखळते, आणि अभ्यासाच्या व्याख्यानात शोधायचे असते ते नेमके हेच. यंत्राचा मसुदा जाणत्या माणसाने एकदा नजरेखालून घालावा, निदान नावे आणि साले तेवढी तपासावीत. एका व्याख्यानाला अर्धा दिवस लागेल. मी हे अंदाजाने म्हणत नाही. निवृत्तीनंतर तीन व्याख्यानांचे हे काम मी स्वतः करून पाहिले आहे.

नोंदीचा प्रश्न याहून सोपा आहे, आणि म्हणूनच तो सुटलेला नसणे जास्त खटकते. चित्रफितीखाली बहुधा कार्यक्रमाचे नाव, वक्त्याचे नाव आणि दोन ओळींचे कौतुक असते. कार्यक्रमाची तारीख नसते; चित्रफीत चढवल्याची तारीख यंत्र आपोआप दाखवते आणि वाचक तीच कार्यक्रमाची समजतो. अध्यक्ष कोण होते, मुद्रण संपूर्ण आहे की कापलेले, कापले असल्यास काय वगळले, हे कुठेच लिहिलेले नसते. वक्ता पडद्यावरच्या चित्राकडे हात करून "हे इथे पाहा, या अक्षराचं वळण पाहा" असे म्हणतो, तेव्हा कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर असतो. ती चित्रे स्वतंत्रपणे जोडून ठेवली, तर त्या वाक्याला अर्थ राहतो. एरवी ते हवेत जाते. मैफलीच्या बाबतीत तर मुख्य गायकाचे नाव आणि पुढे 'आणि सहकारी' एवढ्यावर भागवले जाते. तबल्यावर कोण होते, संवादिनी कोणी वाजवली, तानपुऱ्यावर बसलेली ती तरुण शिष्या कोण, हे पन्नास वर्षांनी संगीताच्या अभ्यासकाला हवे असणार, आणि तेव्हा सांगायला सभागृहातले कुणी उरलेले नसणार. राग आणि ताल कलाकार मंचावरून सांगतात. पण ती अर्ध्या मिनिटाची घोषणासुद्धा कधीकधी वाद्ये जुळवण्याच्या भागाबरोबर कापली जाते.

आता कायद्याकडे वळतो. आपल्याकडे १९५४चा पुस्तके सार्वजनिक ग्रंथालयांना देण्यासंबंधीचा कायदा आहे. १९५६च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रेही आली. देशात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना तीस दिवसांच्या आत पाठवायची असते. मुंबईची एशियाटिक सोसायटी त्या तिघांपैकी एक आहे. या कायद्यात पुस्तक कशाला म्हणावे याची व्याख्या आहे, आणि तीत स्वतंत्रपणे छापलेले नकाशे व संगीताचे छापील कागदही येतात. म्हणजे बंदिशीची स्वरलिपी छापली तर ती राष्ट्रीय ग्रंथालयात पोचवणे बंधनकारक. तीच बंदिश गायली गेली आणि तिचे मुद्रण झाले, तर कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. फ्रान्सने १९२५ सालीच ध्वनिमुद्रिकांना अशा जमा-कायद्याच्या कक्षेत आणले होते. ब्रिटनने अजूनही आणलेले नाही, तरी तेथील ब्रिटिश लायब्ररीकडे ऐच्छिक देणग्यांतून आणि खरेदीतून जगातील मोठ्या ध्वनिसंग्रहांपैकी एक उभा आहे. त्यामुळे कायदा बदलेपर्यंत हात बांधलेले आहेत, असे कुणी म्हणू नये. शिवाय आपल्याच सभागृहात आपण केलेले मुद्रण आपल्याच संग्रहात दाखल करायला कोणत्या कायद्याची वाट पाहायची?

अडचण हक्कांची आहे असे सांगितले जाते, आणि तिच्यात तथ्य आहे. १९५७च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे सार्वजनिक भाषणाचा पहिला मालक ते भाषण करणारा असतो. दुसऱ्या कुणाच्या वतीने भाषण केले असेल, तर तो दुसरा. भाषण कोणी आयोजित केले, कोणाच्या जागेत झाले, याने त्यात फरक पडत नाही. म्हणजे सभागृह ग्रंथालयाचे, माईक ग्रंथालयाचा, मुद्रणही ग्रंथालयाचे, पण शब्द वक्त्याचे. त्याखेरीज प्रयोगकर्त्याचे म्हणून जे हक्क आहेत, ते पन्नास वर्षे टिकतात, आणि याच कायद्यातील प्रयोगकर्त्यांच्या यादीत नट, गायक, कसरतपटू, जादूगार आणि गारुडी यांच्या पंक्तीला व्याख्यान देणारी व्यक्तीही बसवलेली आहे. (काही व्याख्याने ऐकल्यावर कायदा करणाऱ्यांच्या निरीक्षणशक्तीला दाद द्यावीशी वाटते.) तबलजी आणि संवादिनीवादक हेही अर्थातच या यादीत येतात, म्हणजे 'आणि सहकारी' असे लिहून ज्यांना गुंडाळले जाते त्या प्रत्येकाची परवानगी लागते. हे सारे एका पानाच्या संमतिपत्राने भागते, पण ते कार्यक्रमाच्या आधी, प्रवासखर्चाच्या पावतीबरोबर पुढे ठेवले तर. कार्यक्रमानंतर वर्षभराने पत्रे धाडत बसले, तर कुणी परगावी गेलेले असते, कुणी उत्तर देत नाही, आणि मुद्रण कपाटात जाते ते जातेच. संमतिपत्रात दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या जाव्यात: संग्रहात जतन करण्याची परवानगी, आणि सर्वांसाठी खुले करण्याची परवानगी. एखाद्या वक्त्याला आपले भाषण जगभर दिसायला नको असेल, तर तो त्याचा अधिकार आहे. वाचनकक्षात बसून अभ्यासकाने ऐकण्याला त्याची सहसा हरकत नसते.

जागेची आणि खर्चाची सबब मात्र मला पटत नाही, निदान ध्वनीच्या बाबतीत तरी. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुनी मुद्रणे संगणकीय रूपात आणण्यासाठी जे निकष दिले आहेत, त्यांत किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्झ असे सांगितले आहे (आवाज किती बारकाईने टिपायचा याची ही मापे). या वरच्या निकषानेही दोन वाहिन्यांच्या एका तासाच्या मुद्रणाला सुमारे दोन गिगाबाइट लागतात. दीड तासाची शंभर व्याख्याने धरली तरी तीनशे गिगाबाइटच्या आसपास होतात, आणि एवढे आज खिशातल्या डिस्कवर मावते. चित्रीकरणाला जागा कितीतरी जास्त लागते हे खरे. पण पैशाची ओढाताण असेल, तर आवाज पूर्ण आणि उत्तम राखावा व चित्र थोडे हलके ठेवावे, हे बोलण्याच्या कार्यक्रमाला शोभेल असेच आहे. आज याच्या उलट होते. चित्र लखलखीत असते आणि आवाजात पंख्याची घरघर.

एकाच ठिकाणी ठेवून निर्धास्त राहण्याचे दिवसही गेले आहेत. चुंबकीय फितींविषयी युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांची तीच आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये इशारा दिला होता, की फिती वाजवणारी यंत्रेच नाहीशी होत असल्याने २०२५ पर्यंत ज्यांचे रूपांतर होणार नाही त्यांतील बराच भाग कायमचा हातचा जाईल. ती मुदत उलटून गेली. दुसऱ्या बाजूला, २०२३च्या ऑक्टोबरात ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा, त्यांत ऐकण्यासाठी खुली असलेली ध्वनिमुद्रणेही, कित्येक महिने बंद पडली. खासगी मंचाचा तर भरवसाच नाही. तो चालवणारी कंपनी आपले नियम आपल्या सोयीने बदलते, आणि त्यात ग्रंथालयाला विचारण्याचे तिला कारण नसते. मूळ मुद्रणाच्या तीन प्रती असाव्यात, त्यांतील एक दुसऱ्या शहरात, आणि मंचावर असते ती केवळ वाचकांच्या सोयीची प्रत. थेट प्रक्षेपण केलेल्या कार्यक्रमांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे लागेल, कारण तेथे वेगळे मुद्रण करायचे राहूनच जाते आणि मंचावरची प्रत हीच एकमेव प्रत ठरते.

माझी मागणी मोठी नाही. आपल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, आणि ज्या मोठ्या ग्रंथालयांत असे कार्यक्रम नेमाने होतात त्यांनीही, येत्या वर्षापासून प्रत्येक कार्यक्रमाच्या मुद्रणाला दाखल क्रमांक द्यावा, ग्रंथांच्याच तालिकेत त्याची नोंद करावी, प्रश्नोत्तरांसह अखंड प्रत जपावी, आणि श्रोत्यांपर्यंत फिरता माईक पोचल्याशिवाय प्रश्न घेऊ नयेत. मागची मुद्रणे सावकाश होऊ देत. त्यांच्यासाठी आमच्यासारखे निवृत्त कर्मचारी आठवड्यातून दोन दिवस आनंदाने येऊन बसतील, आम्हाला फक्त एक टेबल आणि चांगले हेडफोन हवेत. तालिकेत नोंद असली, की एखाद्या विषयावरची पुस्तके शोधणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच यादीत त्या विषयावरचे व्याख्यानही दिसेल. आज ते दिसत नाही, कारण चित्रफिती कुठे आहेत हे आधीच ठाऊक असलेल्यांनाच त्या सापडतात.

त्या व्याख्यानाबद्दल ग्रंथालयाला मी पुन्हा एकदा कळवले आहे. माझ्या टिपणवहीत वेळा लिहिलेल्या आहेत. कार्यक्रम पावणेसहाला सुरू झाला होता आणि बाई बोलायला उठल्या तेव्हा सहा पन्नास झाले होते. मूळ मुद्रण एखाद्या डिस्कवर अजून असेल, तर एक तास पाच मिनिटांच्या आसपास शोधावे लागेल. माईक नसल्याने बाईंचा आवाज लांबून येईल, पण वर्ष त्यांनी दोनदा सांगितले होते.

आपला नम्र,
एक निवृत्त तालिकाकार